पत : माणसाची, जमिनीची आणि आकड्याची

बदलीच्या नोकरीतला माणूस एका गावाहून दुसऱ्या गावी निघतो, तेव्हा भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, मुलांचे शाळेचे दाखले आणि कचेरीचे अंतिम वेतन प्रमाणपत्र एवढे सारे तो जपून बरोबर घेतो. एक वस्तू मात्र त्याला बांधून घेता येत नाही. ती म्हणजे जुन्या गावातील त्याची पत. कोपऱ्यावरचा वाणी महिनाभर उधार देत असे, औषधाचा दुकानदार 'पैसे सावकाश द्या' म्हणत असे, घरमालक भाड्याला चार दिवस उशीर झाला तरी दारावर येत नसे. हे सारे त्या गावाच्या वेशीवरच राहते. नव्या गावी तो पुन्हा कोणीही नसतो.

दोन वर्षांपूर्वी हैदराबादेहून बंगळूरास माझी बदली झाली, तेव्हा याचा प्रत्यय मला पहिल्याच आठवड्यात आला. सरकारी निवासस्थान मिळण्याची चिन्हे नव्हती. खासगी घर पाहावे, तर या शहराची जुनी रीत आडवी आली. इथे अनेक घरमालक भाडेकरूकडून सुमारे दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेतात. अनोळखी असण्याची ती किंमतच म्हणावयाची. तेवढी रक्कम जवळ नव्हती, म्हणून कर्जासाठी एका बँकेत गेलो. वेतनाचा दाखला पुढे केला, केंद्र सरकारची कायम नोकरी असल्याचे सांगितले. समोरच्या तरुण अधिकाऱ्याने नम्रपणे सारे ऐकून घेतले, संगणकात पाहिले आणि तितक्याच नम्रपणे सांगितले, "सर, आपला स्कोअर कमी आहे."

कारण शोधता शोधता कळले ते असे. हैदराबादेत असताना कोणाच्या तरी आग्रहावरून मी एक क्रेडिट कार्ड घेतले होते. दोनदा वापरले आणि खणात टाकून दिले. त्याचे पाचशे नव्वद रुपयांचे वार्षिक शुल्क थकले. त्याची पत्रे जुन्या पत्त्यावर जात राहिली आणि जुना भ्रमणध्वनी क्रमांक मी बदललेला होता. दहा वर्षांत एक दिवसही उशिरा कचेरीत न गेलेला माणूस एका यंत्राच्या लेखी कर्जबुडव्या ठरला होता. चूक माझीच होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून बसला. माणसाची पत ठरवते कोण, आणि ती कशावरून?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच इतिहासात बऱ्याच अंशी सापडते.

पूर्वीच्या काळी पत ही ओळखीची सावली होती. हुंडीच्या व्यवहारात 'शाहजोग' नावाचा एक प्रकार होता. ही हुंडी 'शाहा'ला, म्हणजे बाजारात ज्याचे नाव आहे अशाच प्रतिष्ठित माणसाला वटवून द्यावयाची असे, आणि रक्कम मागणारा खरोखरच तसा आहे की नाही, याची खात्री देणाऱ्याने करून घ्यावयाची असे. कागदावर रकमेचा आकडा होता; परंतु त्या आकड्याला प्राण माणसाच्या लौकिकाचा होता. मोठ्यांचीही यातून सुटका नव्हती. आमच्या साताऱ्याजवळच्या धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे पहिल्या बाजीरावाचे गुरू, तसेच धनकोही होते. उत्तरेत विजय मिळवणारा हा पेशवा स्वामींना लिहिलेल्या पत्रांतून आपल्या कर्जाचे आणि सावकारांच्या तगाद्याचे गाऱ्हाणे सांगतो, हे मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहेच. राज्य विस्तारले म्हणून पत आपोआप वाढत नाही; मागचे फेडले की पुढचे मिळते, हा नियम पेशव्यालाही चुकला नाही.

खेड्यातील व्यवहार यापेक्षा वेगळा नव्हता. सावकार कुणब्याला पैसे देई तेव्हा काय पाहत असे? याचा बाप शब्दाचा कसा होता. याने मागच्या सुगीला किती फेडले. याच्या डोक्यावर आणखी कोणाचे देणे आहे. हा दारोदार कर्ज मागत हिंडतो आहे काय. घरात कष्टाचे हात किती. कर्ज वसूल करावयाचे तर राज्यसत्तेचा हात फारसा लांब पोचत नसे. पाटील, पंच, गावकी यांच्या भिडेवरच बरेचसे अवलंबून असे. म्हणून ऋणको फेडू शकेल तेवढेच देण्यात सावकाराचा स्वार्थ होता. या व्यवस्थेस रामराज्य समजण्याचे कारण नाही. व्याज जबर होते, अडलेल्याची अडवणूक होत होती आणि जात पाहून पत ठरवण्याचा अन्याय तर होताच. तथापि, धनको ऋणकोचा चेहरा ओळखत होता, एवढे खरे.

इंग्रजी अमलात हा पायाच हलला. १८३०नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यापासून नव्या पद्धतीची जमीन-पाहणी सुरू झाली आणि रयतेच्या नावावर निश्चित साऱ्याची, हस्तांतर करता येईल अशी जमीन आली. १८५९ साली दिवाणी कार्यपद्धतीचा कायदा झाला. त्याच साली मुदतीचाही कायदा झाला आणि साध्या कर्जरोख्यावर दावा लावण्यास तीन वर्षांची मर्यादा पडली. हेतू चांगला होता. जुनी देणी पिढ्यान्‌पिढ्या उकरून काढली जाऊ नयेत. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेण्याची प्रथा पडली. अक्षरशत्रू कुणब्याने अंगठा उठवावयाचा, रोखा सावकाराच्या पेटीत जावयाचा, आणि ऋणकोच्या हाती ना प्रत, ना पावती.

त्यातच १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसाचे भाव गगनाला भिडले. पैसा सैल झाला, कर्ज मागेल त्याला मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. आणि नेमक्या त्याच सुमारास, १८६७पासून, इंदापुरासारख्या तालुक्यांत साऱ्याची फेरआकारणी होऊन तो बराच वाढला. आता सावकाराला माणसाची परीक्षा करण्याचे कारण उरले नव्हते. कोर्टाचा हुकूमनामा आणि मागे जमीन असली म्हणजे पुरे. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण कुणब्यापुरतीच खरी ठरली; सावकाराला तीच पायरी सोयीची झाली. माणसाची पत जाऊन तिच्या जागी जमिनीची पत आली होती.

याचा शेवट कसा झाला, ते सर्वश्रुत आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमलेल्या लोकांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. पाहता पाहता हे लोण पुणे व नगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. या दंग्यांचे महत्त्व किती मानावे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. लोकांना मुख्यतः हवे होते ते रोखे आणि हिशोबाच्या वह्या. जिथे सावकाराने ते निमूटपणे काढून दिले, तिथे बहुधा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. कागदांची होळी झाली आणि मंडळी घरी गेली. घेतलेले कर्ज नाकारण्यापेक्षा, आपल्याविषयी लिहिलेला आणि आपल्यालाच न वाचता येणारा जो कागद आपले भविष्य ठरवत होता, त्याच्यावर हा राग होता, असे मला वाटते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यातून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्यातील तरतुदी आजही मननीय आहेत. रोखा समोर ठेवला म्हणजे हुकूमनामा मिळाला, हे बंद झाले. व्यवहाराचा मूळपासूनचा इतिहास तपासण्याचे काम न्यायाधीशावर आले. रोखे गावच्या निबंधकापुढे लिहिले जावेत, असे ठरले. शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणे थांबले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दिलेल्या पैशाची पावती आणि आपल्या खात्याचा हिशोब मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला. या कायद्याने सारे दुःख निवारले असे नाही. सावकारांनी हात आखडता घेतला आणि गहाणाऐवजी खरेदीखते लिहून घेण्याच्या पळवाटाही निघाल्या. तरी 'ज्याची पत मोजली जाते, त्याला ते माप पाहता आले पाहिजे', हे तत्त्व आपल्याकडे कायद्यात उतरले ते असे.

कायद्याने जे साधले नाही, ते ओळखीच्या बळावर साधण्याचा प्रयत्न पुढच्या पिढीने केला. येथे आपल्यासारख्या वाचकांस जवळची वाटावी अशी एक हकीकत आहे. १८८९ साली बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने 'अन्योन्य सहकारी मंडळी' स्थापन झाली. ती भारतातील अगदी आरंभीच्या सहकारी पतसंस्थांपैकी एक मानली जाते. तिच्यामागे उभी होती ती गायकवाडांच्या राज्यात स्थिरावलेली मराठी मध्यमवर्गीय कुटुंबे. सहकाराचा कायदा होण्यास अजून पंधरा वर्षांचा अवकाश होता. परमुलखात गेलेल्या माणसांनी थोडी थोडी बचत एकत्र करावयाची आणि गरजवंताला त्यातून द्यावयाचे. तारण काय, तर परस्परांची ओळख.

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. दुसऱ्याच वर्षी तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, धारवाड जिल्ह्यातील गदग तालुक्यात, कणगिनहाळ येथे सिद्धनगौडा पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था नोंदली गेली. हे गाव आज कर्नाटकात आहे. मराठी आणि कानडी मुलखांचा हा समाईक वारसा आहे, असे म्हणावयास हरकत नाही. म्हैसूर संस्थानानेही १९०५ सालीच आपला सहकारी कायदा केला. ग्रामीण संस्थांची जबाबदारी त्या काळी अमर्याद असे. म्हणजे एकाने बुडवले तर सर्वांनी भरावयाचे. त्यामुळे कर्ज मागणारा मनुष्य कसा आहे, हे प्रत्येक सभासदाने पाहणे ओघानेच आले. सावकाराच्या मनातील जुनेच प्रश्न आता पंचमंडळी उघडपणे विचारू लागली. पुढे सरकारी कचेऱ्यांतून पतपेढ्या निघाल्या, त्यांचाही आत्मा हाच. दोन सहकाऱ्यांचा जामीन आणि पगारातून कपात.

परंतु ओळखीचे वर्तुळ लहान असते, ही त्याची मर्यादा. गाव मोठे झाले, माणसे हिंडू लागली, तसा हा धागा अपुरा पडू लागला. बंगळूरचेच पाहा. जुन्या पेठेतील ॲव्हेन्यू रोडवर पिढीजात पेढ्यांचा व्यवहार चाले. १९१३ साली सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या पुरस्काराने येथे 'बँक ऑफ मायसोर' स्थापन झाली. विश्वेश्वरय्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यास घेतले आणि नोकरीचा प्रारंभ १८८४ साली मुंबई इलाख्यात, नाशिकला केला. तेही आपल्यासारखे बदलीच्या नोकरीतले. ती बँक पुढे 'स्टेट बँक ऑफ मैसूर' झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. बँक गेली, तरी चौकाला लोक अजून 'मैसूर बँक सर्कल' म्हणतात. माझी बस रोज तिथूनच जाते. आज या शहरात देशाच्या सर्व प्रांतांतून लक्षावधी माणसे पोटासाठी आली आहेत. त्यांच्या बापाचा शब्द कसा होता, हे इथे कोणाला ठाऊक असणार?

या अडचणीतून आकडा जन्मास आला. २००० साली मुंबईत 'सिबिल' ही संस्था निघाली. २००५ साली पतविषयक माहिती ठेवणाऱ्या कंपन्यांचा कायदा झाला. आज अशा चार कंपन्या देशात काम करतात. बँका आणि वित्तसंस्था प्रत्येक ऋणकोची माहिती त्यांना पुरवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० यांमधील एक गुणांक निघतो. तो कशावरून निघतो, हे जिज्ञासेने पाहू गेलो, तेव्हा मला नवल वाटले. हप्ते वेळेवर फेडले काय. मिळालेल्या मर्यादेपैकी किती कर्ज वापरून टाकले आहे. कर्जाचा व्यवहार किती जुना आणि कोणत्या प्रकारचा. अलीकडे किती ठिकाणी कर्ज मागितले. हे तर सुप्याच्या सावकाराचेच प्रश्न! दीडशे वर्षांत कसोटी फारशी बदलली नाही; कसोटी लावणारा मात्र बदलला.

या बदलात न्याय आहे, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. या गुणांकात जात नाही, प्रांत नाही, भाषा नाही. पगाराचा आकडासुद्धा त्यात धरला जात नाही. म्हणून मोठा साहेब आणि त्याचा शिपाई या मापापुढे समान आहेत. कोणाची ओळख नसलेली, परप्रांतातून आलेली एखादी कामगार मुलगी केवळ वेळेवर हप्ते भरून आपली पत उभी करू शकते. जुन्या गावाने तिला ती दिली नसती. शिवाय बदलीच्या माणसाच्या सामानात जी वस्तू मावत नव्हती, ती आता त्याच्या मागोमाग आपोआप येते. फक्त त्याचे पाचशे नव्वद रुपयेही मागोमाग येतात, एवढेच.

परंतु जे या आकड्याला दिसत नाही, तेही सांगितले पाहिजे. हप्ता चुकला हे त्याला कळते. का चुकला हे कळत नाही. आईच्या आजारपणात चुकलेला हप्ता आणि चैनीपायी चुकलेला हप्ता त्याला सारखाच. गावचा सावकार निष्ठुर असला, तरी दुष्काळ पडला हे त्याला निदान दिसत होते. दुसरे असे की, ज्याने जन्मात कर्ज घेतले नाही, त्याच्याविषयी या मापाला काहीच सांगता येत नाही. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हा धडा गिरवून आयुष्य काढलेल्या आमच्या वडिलांच्या पिढीची या हिशोबात नोंदच नाही. आणि तिसरे, सर्वांत गंभीर. हाही एक कागदच आहे; दुसऱ्याच्या पेटीत असलेला, आणि आपण न वाचलेला. सुशिक्षित असूनही मी तो दहा वर्षांत एकदाही पाहिला नव्हता. अंगठा उठवणाऱ्या कुणब्यात आणि माझ्यात मग फरक तो काय राहिला?

फरक एवढाच की, त्याला कागद जाळावा लागला. मला तो मागता येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक माहिती-कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात चूक आढळल्यास तक्रार करता येते. तीस दिवसांत तिचा निकाल लागला नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई देण्याचा नियमही २०२४पासून अमलात आला आहे. १८७९च्या कायद्यातील हिशोब मागण्याचा हक्क तो हाच. रूप तेवढे नवे. मी अहवाल मागवला, थकलेली रक्कम दंडासह पूर्ण भरली आणि बाकी नसल्याचे पत्र लेखी घेतले. अर्धी-मुर्धी रक्कम देऊन तडजोड करण्याचा सल्ला एका मित्राने दिला होता. परंतु तशा तडजोडीची नोंद वेगळी होते आणि ती पतीला बाधते, हे वेळीच कळले. उशीर झाल्याची नोंद मात्र लगेच पुसली जात नाही. ती हळूहळूच मागे पडते, आणि ते योग्यही आहे.

घराच्या अनामतीचे काय झाले, असे वाचक विचारतील. ती आमच्या कचेरीच्या पतपेढीने दिली. माझ्या अर्जावर दोघांनी जामीन म्हणून सही केली. एक मंगळूरचे, दुसरे तंजावरकडचे. मला येऊन जेमतेम चार महिने झाले होते. "आपण मला पुरते ओळखतही नाही," असे मी म्हणालो, तेव्हा मंगळूरचे गृहस्थ म्हणाले, "चार महिने आपल्या शेजारच्या टेबलावर बसतो आहे. आणखी किती ओळखायचे?"

गेल्या महिन्यात कचेरीत नव्याने लागलेला एक तरुण तसाच अर्ज घेऊन माझ्याकडे आला. जामीन राहणे म्हणजे दुसऱ्याचे देणे प्रसंगी आपल्या नावावर घेणे होय, आणि तो थकला तर डाग आपल्याही अहवालावर पडू शकतो, हे आता मी जाणतो. म्हणून त्याला जवळ बसवून घेतले. डोक्यावर आणखी किती कर्ज आहे, घरी कोण कोण आहे, महिन्याकाठी किती उरते, हे सारे विचारले. त्याने संकोच न करता सांगितले. मग मी सही केली.